इतकी वर्षं कोळंबी खाल्ली, मग ॲलर्जी आत्ताच कशी झाली?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणाऱ्यांचं वय 36, गाव मालवणजवळ, गेली नऊ वर्षं नोकरीला ठाण्यात. लहानपणापासून आठवड्यातून दोनदा तरी कोळंबी पोटात जायची, कधी काही झालं नाही. दोन महिन्यांपूर्वी रविवारी क्रिकेट खेळून आले, अंग दुखत होतं म्हणून पेनकिलर घेतली आणि कोळंबी भात जेवले. वीस मिनिटांत तळहात खाजायला लागले, अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, दोन उलट्या झाल्या, आवाज घोगरा झाला. आईने पित्त उठलं म्हणून आमसुलाचं पाणी लावलं, पाऊण तासाने दवाखान्यात नेलं, तिथे एविल आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं आणि बरं वाटल्यावर घरी सोडलं. घरचे म्हणतात कोळंबी शिळी असणार. नंतर त्यांनी स्वतःच लॅबमध्ये जाऊन ॲलर्जीचं पॅकेज केलं तर 40 पदार्थ पॉझिटिव्ह, त्यात गहू आणि वांगंसुद्धा. ठाण्यात आल्यापासून सकाळी उठल्या उठल्या दहा-बारा शिंका येतात हेही त्यांनी शेवटी जाता जाता लिहिलंय, मला विचाराल तर सगळ्यात कामाची माहिती तीच आहे. आता त्यांचा प्रश्न असा की हे अचानक कसं झालं, शरीरात नेमकं काय होतं, आणि रोज थोडी थोडी खाऊन सवय केली तर जाईल का.

शेवटच्याचं उत्तर आधी देते कारण तो जिवाशी खेळ आहे. नाही. घरच्या घरी थोडी थोडी खाऊन सवय करायला अजिबात जाऊ नका, एकच सोलून चाखून बघू म्हणूनसुद्धा नाही. मी 22 वर्षं ॲलर्जीची ओपीडी करतेय आणि तुम्ही लिहिलंय ते वाचून मला स्पष्ट दिसतंय की ते साधं पित्त उठणं नव्हतं. कातडीवर गांधी, त्याच वेळी पोटातून उलट्या आणि त्याच वेळी आवाज बदललेला, म्हणजे एकदम तीन ठिकाणी गडबड, याला ॲनाफायलॅक्सिस म्हणतात, आणि आवाज घोगरा होणं म्हणजे घशात आतून सूज चढत होती. त्या दिवशी तुम्हाला ॲड्रेनॅलिन मिळायला हवं होतं, ते न मिळता निभावलं याचा आनंद आहे पण पुढच्या वेळीही तसंच निभावेल असं धरून चालू नका. त्याबद्दल खाली लिहितेच.

आता शिळ्या कोळंबीचं. त्याच पातेल्यातला भात घरातल्या बाकीच्यांनी खाल्ला ना? त्यांना काही झालं नाही, म्हणजे तो मुद्दा तिथेच संपला. पण घरच्यांची शंका अगदीच निराधार नसते हेही सांगते, कारण माशांच्या बाबतीत ॲलर्जीसारखा दिसणारा एक प्रकार खरंच असतो. बांगडा, टूना, तारली असले मासे बर्फाशिवाय उन्हात राहिले की त्यांच्या मांसातल्या एका घटकापासून बॅक्टेरिया हिस्टामिन तयार करतात, आणि हिस्टामिन म्हणजे ॲलर्जीत आपलं शरीर स्वतः सोडतं तोच पदार्थ, त्यामुळे खाणाऱ्याचा चेहरा लालभडक होतो, डोकं दुखतं, धडधडतं, गांधी येतात, आणि मासा कितीही शिजवला तळला तरी ते जात नाही. फरक एवढाच की तो मासा ज्यांनी ज्यांनी खाल्ला त्या बहुतेकांना त्रास होतो, आणि पुढच्या आठवड्यात ताजा बांगडा खाल्ला तर काहीही होत नाही. हे लोक पुढे आयुष्यभर मला बांगड्याची ॲलर्जी आहे म्हणून सांगत बसतात आणि उगाच ताटातला मासा सोडतात, वाईट वाटतं ते बघून.

मूळ प्रश्नाकडे येते. इतकी वर्षं खाल्ली तेव्हा काही नाही मग आत्ताच का, हे प्रत्येक पेशंट विचारतो, जवळजवळ तक्रारीच्या सुरात, जणू इतक्या वर्षांची ओळख आहे तर शरीराने ती पाळायला हवी होती. खरी गोष्ट अशी की ॲलर्जीला ओळख लागतेच, ओळखीशिवाय ती होतच नाही, पहिल्या भेटीत शरीर फक्त नोंद घेतं आणि दंगा पुढच्या कुठल्यातरी भेटीत करतं. ही गोष्ट माणसाला कळली तीसुद्धा समुद्रातल्या जिवांमुळेच. 1901 साली मोनॅकोचे प्रिन्स आल्बेर पहिले यांच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी समुद्रातल्या विषारी जिवांच्या विषावर काम सुरू केलं, पॅरिसला परतल्यावर सी ॲनिमोनीचं विष कुत्र्यांना टोचलं, कल्पना अशी की लसीसारखं थोडं थोडं देत गेलं की सवय होईल. म्हणजे बघा, तुमच्या डोक्यात आली तीच कल्पना. नेपच्यून नावाचा धडधाकट कुत्रा पहिल्या डोसाला ठणठणीत राहिला, काही आठवड्यांनी त्याला परत अगदी थोडंसं विष दिलं तर काही मिनिटांत तो धापा टाकत कोसळला आणि मेला. संरक्षण मिळायच्या ऐवजी उलटंच झालं म्हणून त्यांनी त्याला ॲनाफायलॅक्सिस नाव दिलं, रिशेंना 1913 चं नोबेल मिळालं. ॲलर्जी हा शब्द 1906 चा, व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी काढला, घोड्याचं सीरम (रक्तातल्या पेशी काढून उरलेला द्रव) दुसऱ्यांदा टोचल्यावर मुलांचं शरीर पहिल्यापेक्षा वेगळंच वागतंय हे बघून.

मग हे रक्तात असतं तरी कुठे, तर तेही एका माशाने दाखवलं. 1921 मध्ये जर्मनीत हाइन्झ क्युस्टनर नावाच्या डॉक्टरना शिजवलेल्या माशाची ॲलर्जी होती आणि त्यांचे सहकारी कार्ल प्राउस्निट्झ यांना नव्हती, तर क्युस्टनरांचं सीरम प्राउस्निट्झांच्या कातडीत टोचलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, लगेच तिथे गांधी उठली. ॲलर्जी एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या कातडीत गेली! पण ती नेमकी कशातून गेली ते सापडायला आणखी 45 वर्षं लागली, कारण ती गोष्ट रक्तात अत्यंत थोडी असते. 1966-67 च्या सुमारास अमेरिकेत काम करणारं इशिझाका हे जपानी जोडपं आणि स्वीडनमधले योहान्सन आणि बेनिख यांनी ती वेगवेगळ्या वाटांनी शोधली, ती एक प्रकारची अँटिबॉडी निघाली आणि 1968 मध्ये तिला आयजीई नाव मिळालं. तुमच्या रिपोर्टवर जे आकडे छापलेत ते याच आयजीईचे.

आयजीई ही मुळात जंतांशी आणि तसल्या परजीवींशी लढायची व्यवस्था आहे, वाईट काही नाही. आपण जेवतो ते सगळं परकंच असतं, भात परका, मासा परका, दूध परकं, आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी रोज त्याची पाहणी करून ठरवत असतात की हे जेवण आहे, याला जाऊ द्या. हे सहन करणं शरीर शिकतं, आणि आयुष्यभर शिकत राहतं. पण तीच गोष्ट भलत्या वाटेने आली, म्हणजे चिरलेल्या, फुटलेल्या, इसब असलेल्या कातडीतून किंवा सुजलेल्या नाकाच्या अस्तरातून, आणि येताना तिथल्या पेशींना इजा झालेली असली, तर त्या पेशी धोक्याचे निरोप सोडतात, जवळच्या पहारेकरी पेशी तो प्रोटीनचा तुकडा उचलून लिम्फ ग्रंथीत नेतात, तिथे टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी जंतविरोधी पवित्रा घेतात आणि अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशींना सांगतात की याच्याविरुद्ध आयजीई बनवा. याला सेन्सिटायझेशन म्हणतात. या सगळ्यात तुम्हाला काहीही जाणवत नाही, खाज नाही की शिंक नाही, महिनोन् महिने जातात. बनलेलं आयजीई रक्तात दोन-तीन दिवसच टिकतं पण मास्ट सेल नावाच्या पेशींवर जाऊन बसलं की आठवडेच्या आठवडे तिथे चिकटून राहतं, आणि नवीन बनतच असतं.

आता तुमच्या सकाळच्या शिंका. गादीत, उशीत, सोफ्यात धुळीतले बारीक किडे असतात, डस्ट माइट म्हणतात त्यांना, डोळ्याला दिसत नाहीत, आपल्या कातडीचा गळालेला कोंडा खातात आणि पाणी हवेतल्या दमटपणातूनच घेतात. ठाणे-मुंबईची हवा, पावसाळ्यात चार महिने बंद खोल्या, भिंतींना ओल, त्यांना याहून काय पाहिजे. यांच्या विष्ठेतलं एक प्रोटीन हे मुळात एन्झाइम असतं, ते नाकाच्या अस्तरातल्या पेशींमधले सांधे चक्क तोडतं, म्हणजे दार फोडूनच आत येतं, म्हणून त्याची ॲलर्जी इतक्या लोकांना होते. आणि या किड्यांच्या स्नायूंमध्ये ट्रोपोमायोसिन नावाचं प्रोटीन असतं. झुरळांतही असतं. आणि कोळंबीतही! कोळंबी, खेकडा, झुरळ, माइट ही सगळी सांध्यासांध्यांच्या पायांची एकाच मोठ्या कुळातली मंडळी, त्यामुळे त्यांचं ट्रोपोमायोसिन एकमेकांशी इतकं मिळतंजुळतं की एकाविरुद्ध बनलेलं आयजीई दुसऱ्यालाही पकडतं. याचा फार सुंदर पुरावा 2003 साली छापून आलाय, धार्मिक नियमामुळे आयुष्यात कधीही कोळंबी न खाल्लेल्या ऑर्थोडॉक्स ज्यू लोकांच्या रक्तात कोळंबीच्या ट्रोपोमायोसिनला चिकटणारं आयजीई सापडलं, आणि ते आलं होतं धुळीतल्या किड्यांमुळे.

म्हणून माझा अंदाज असा की तुमच्या शरीराचं आणि कोळंबीचं भांडण कोळंबीपासून सुरू झालंच नसावं, नऊ वर्षांपूर्वी ठाण्याच्या खोलीतल्या गादीवर सुरू झालं असावं, नाकातून. धुळीची ॲलर्जी असलेल्या प्रत्येकाला कोळंबीची होत नाही, बहुतेकांना होत नाहीच, त्यामुळे हे वाचून शिंका येणाऱ्या सगळ्यांनी कोळंबी सोडू नका प्लीज. पण कवचवाल्यांची ॲलर्जी मोठेपणी सुरू होणं हे अगदी नेहमीचं आहे, लहान मुलांची दुधाची किंवा अंड्याची ॲलर्जी बहुतेक वेळा वय वाढेल तशी जाते, ही मात्र आली की सहसा मुक्कामालाच येते.

आणि त्याच दिवशी का? तुम्हीच लिहिलंय, क्रिकेट आणि पेनकिलर. भर उन्हात धावपळ, आयबुप्रोफेनसारखी गोळी, दारू, अंगात ताप किंवा झोप न होणं, या गोष्टी आतड्याचं अस्तर सैल करतात किंवा मास्ट सेल पेटायची पातळी खाली आणतात, म्हणजे एरवी पचून गेली असती तेवढीच कोळंबी त्या दिवशी जास्त प्रमाणात न पचलेली रक्तात शिरते. माझ्याकडे अशा लोकांची हिस्टरी नीट काढली की दर दोघा-तिघांत एक जण म्हणतो, हो मॅडम, गेल्या वर्षी चिंबोरी खाल्ल्यावर तोंडात जरा चुणचुणलं होतं पण मसाला तिखट असेल म्हणून सोडून दिलं. तुम्हीही आठवून बघा.

आता ती वीस मिनिटं. मास्ट सेल या पेशी रक्तात फिरत नाहीत, त्या बाहेरच्या जगाशी गाठ पडते तिथे ठाण मांडून असतात, कातडीखाली, नाकात, श्वासनळीत, आतड्यात, रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने. प्रत्येकीच्या पोटात हिस्टामिनने भरलेल्या दाण्यांच्या पिशव्या, आणि अंगावर हजारो आयजीई उभे. बँकेच्या लॉकरला कशा दोन चाव्या लागतात, एक आपली एक बँकेची, तसं इथे आहे, एका आयजीईला प्रोटीन चिकटून काही होत नाही, एकाच प्रोटीनने शेजारशेजारचे दोन आयजीई एकदम धरले तरच पेशी उघडते. ट्रोपोमायोसिन लांबलचक दोरीसारखं असतं, त्यावर आयजीई बसायच्या जागा अनेक, त्यामुळे दोन धरणं त्याला सोपं जातं. शिवाय ते उष्णतेने मोडत नाही, उकळा, तळा, वाळवून सोडे करा, तसंच राहतं. एकदा पेशी उघडली की काही सेकंदांत दाणे बाहेर.

हिस्टामिन नसांची टोकं चाळवतं म्हणून खाज, तळहात-तळपायांना बहुतेकदा सगळ्यात आधी. बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि त्यांच्या भिंतीतल्या फटी उघडतात, पाणी बाहेर झिरपतं, कातडीत झिरपलं की गांधी, ओठात-पापणीत झिरपलं की सूज, घशात झिरपलं की आवाज जातो. आतड्याचे स्नायू आवळतात म्हणून कळ आणि उलटी. श्वासनळीचे आवळले की दम लागतो, छातीत शिट्टी वाजते. दाण्यांच्या पाठोपाठ पेशी ल्युकोट्रायीन, प्रोस्टाग्लॅंडिन असले नवे पदार्थ बनवून सोडायला लागते आणि श्वासनळी आवळण्याच्या बाबतीत ल्युकोट्रायीन हिस्टामिनपेक्षा कितीतरी जबरदस्त असतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हे झिरपणं अंगभर एकदम झालं तर, तीव्र ॲनाफायलॅक्सिसमध्ये 10 मिनिटांत रक्तवाहिन्यांतलं 35 टक्क्यांपर्यंत द्रव बाहेर जाऊ शकतं. म्हणजे जखम नाही, रक्ताचा थेंब सांडलेला नाही, आणि तरी हृदयाकडे परत यायला रक्तच उरत नाही. म्हणून अशा माणसाला उठवून उभं करायचं नाही, चालवत रिक्षापर्यंत न्यायचं नाही, आडवं झोपवून पाय उंच करायचे, उलटी होत असेल तर कुशीवर, फारच दम लागत असेल तर पाय लांब करून बसवायचं. नुसतं एकदम उभं केल्यामुळे माणसं गेलेली आहेत, हे मी मुद्दाम लिहितेय कारण आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया हीच असते की चल उठ, चेहरा धू, जरा मोकळ्या हवेत फिर.

गोष्ट इथेच संपत नाही. पहिल्या लाटेनंतर चार-सहा-आठ तासांनी इओसिनोफिलसारख्या पांढऱ्या पेशी गोळा होऊन दुसरी सूज सुरू होते, दम्याच्या पेशंटला दुपारी मांजर कुशीत घेतल्यावर रात्री दम लागतो तो यामुळे. आणि ॲनाफायलॅक्सिस तर काही लोकांत उतरल्यावर काही तासांनी काही न खाताच परत उसळतो, म्हणून इंजेक्शनने बरं वाटलं की लगेच घरी जायचं नसतं, निदान काही तास देखरेखीखाली राहायचं.

आमसुलाच्या पाण्याबद्दल एकच सांगते, साध्या गांधींवर लावलं तर थंड वाटतं, त्याने वाईट काही होत नाही, माझी आजीही लावायची. तुमच्या बाबतीत वाईट झालं ते हे की त्यात पाऊण तास गेला.

एविल, सेट्रिझिन, फेक्सोफेनाडिन ही औषधं फक्त हिस्टामिनची जागा अडवतात, खाज आणि गांधीला चांगली, पण घशाची सूज, उतरलेलं बीपी, आवळलेली श्वासनळी यांना त्यांचा भरवसा धरता येत नाही. स्टेरॉइडला काम करायला तास लागतात. मिनिटांत काम करणारं औषध एकच, ॲड्रेनॅलिन, ते रक्तवाहिन्या आवळून झिरपणं थांबवतं, श्वासनळी मोकळी करतं, हृदयाला जोर देतं आणि मास्ट सेललाही आवरतं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, स्नायूत, गरज पडली तर पॅंटवरूनच. मोठ्या माणसाला 1 मिलिग्रॅमच्या 1 मिलीच्या ॲम्प्यूलमधलं अर्धा मिली, पाच मिनिटांत फरक नाही पडला तर परत. परदेशात याची पेनसारखी तयार इंजेक्शनं मिळतात, आपल्याकडे ती सहजासहजी मिळत नाहीत, म्हणून मी माझ्या पेशंटना ॲम्प्यूल, सिरिंज, सुई असा डबा बनवून देते आणि नवरा-बायको दोघांनाही समोर बसवून सलाइनवर सराव करून घेते. तुम्हीही ॲलर्जी बघणाऱ्या डॉक्टरकडे जाऊन हे लिहून आणि शिकून घ्या, माझं वाचून स्वतःच सुरू करू नका. टोचलं तरी 108 ला फोन करायचाच. बऱ्याच ठिकाणी अजून ॲड्रेनॅलिन म्हणजे शेवटचा उपाय अशी भीती आहे, एविल-स्टेरॉइड देऊन वाट बघतात, या एका सवयीचा मला खरंच राग येतो कारण उशिरा दिलेलं ॲड्रेनॅलिन हेच जीव जाण्याचं मोठं कारण असतं.

त्या 40 पॉझिटिव्हचं काय करायचं? रिपोर्ट कपाटात ठेवा. रक्तात आयजीई असणं म्हणजे ॲलर्जी असणं नाही, तेवढं लक्षात ठेवलं तरी निम्मी भीती जाईल. कर्नाटकात बंगळूर-म्हैसूरला मोठ्या माणसांवर अभ्यास झालाय, त्यात कुठल्या ना कुठल्या पदार्थाविरुद्ध आयजीई सापडलं 26.5 टक्के लोकांत आणि ॲलर्जी असावी असं दिसलं फक्त 1.2 टक्क्यांत! गहू हा शेवटी गवताच्याच कुळातला, गवताच्या परागांविरुद्ध आयजीई असलं की गव्हाची टेस्ट पॉझिटिव्ह येते आणि माणूस बिचारा रोज चपात्या पचवत असतो. तुम्ही चपाती खाता, वांग्याचं भरीत खाता, काही होत नाही ना? मग खा. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, असल्याच रिपोर्टवरून दूध, डाळी, गहू, अंडी, शेंगदाणे सगळं सोडून वर्षभरात 11 किलो उतरलेल्या, आणि त्यांची खरी ॲलर्जी निघाली केसांच्या काळ्या डायची. आयजीजी या दुसऱ्या अँटिबॉडीच्या फूड टेस्ट तर आणखीच बिनकामाच्या, आपण जे नेहमी खातो त्याचं आयजीजी बनतंच. टेस्ट ही हिस्टरीला दुजोरा देण्यापुरती, कोळंबीचं आणि माइटचं स्किन प्रिक करा, म्हणजे कातडीवर अर्काचा थेंब ठेवून सुईने हलकं टोचायची टेस्ट, त्याच्या आधी आठवडाभर सेट्रिझिनसारख्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात नाहीतर गांधी उठतच नाही आणि खोटं निगेटिव्ह येतं, आणि ही टेस्टसुद्धा तुमच्यासारखी रिॲक्शन येऊन गेलेल्या माणसाने इमर्जन्सीची सोय आहे तिथेच करायची.

डाय म्हटलं म्हणून थोडं विषयांतर करते. बिब्बा उततो, आंब्याच्या चिकाने ओठाच्या कडा सोलवटतात, काजूच्या टरफलाच्या तेलाने हातांना फोड येतात, गाजर गवत उपटणाऱ्या शेतकऱ्याचा चेहरा-मान काळी जाड होते, यालाही आपण ॲलर्जीच म्हणतो पण इथे आयजीईचा संबंध नसतो, इथे टी पेशी स्वतः येऊन भिडतात आणि त्यांना यायला दोन-दोन दिवस लागतात, म्हणून कारण शोधताना कालचं-परवाचं आठवावं लागतं. बिब्बा, आंबा आणि काजू एकाच कुळातले, एकाचा बाधला तर दुसऱ्याचाही बाधू शकतो. गाजर गवत आपल्याकडे पहिल्यांदा नोंदलं गेलं ते पुण्यात, 1950 च्या दशकात, आणि तेवढ्या वर्षांत त्याने किती शेतमजुरांची कातडी खराब केली ते कातडीच्या कुठल्याही सरकारी ओपीडीत जाऊन बघावं. पण यात घसा सुजून जीव जात नाही, तो धोका आयजीईवाल्यांचा.

सवय करण्याबद्दल थोडं आणखी, कारण कल्पना पूर्ण चुकीची नाही, जागा चुकीची आहे. 2015 मध्ये लंडनला 640 तान्ह्या मुलांवर केलेला अभ्यास आला, सगळी जोरदार इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, निम्म्यांना 4 ते 11 महिन्यांच्या वयापासून शेंगदाणा भरवत ठेवला आणि निम्म्यांना कटाक्षाने टाळला, पाच वर्षांचे झाल्यावर खाणाऱ्यांत शेंगदाण्याची ॲलर्जी टाळणाऱ्यांपेक्षा 80 टक्क्यांहून जास्त घटलेली निघाली. म्हणजे तोंडातून लवकर ओळख झाली तर शरीर सहन करायला शिकतं, कातडीतून आधी झाली तर भांडायला. आपल्याकडे बाळाच्या खिचडीत शेंगदाण्याचा कूट, भातात माशाची आमटी लवकर यायची, ते सोडू नका असंच मी आयांना सांगते, फक्त अख्खा दाणा द्यायचा नाही, श्वासनळीत अडकतो. ज्या बाळाला इसब जोरात आहे त्याचं आधी डॉक्टरला विचारा. पण ॲलर्जी एकदा उभी राहिल्यावर डोस वाढवत नेणं हे हॉस्पिटलमध्ये, ग्रॅमच्या हजाराव्या भागापासून, काही ठराविक पदार्थांसाठी करतात, आणि तिथेही रिॲक्शन येतात. कोळंबीसाठी घरी करायची गोष्ट नाही. धुळीच्या किड्यांसाठी मात्र इम्युनोथेरपी, म्हणजे त्याच गोष्टीचे डोस देत शरीराला सवय लावणं, चांगली आहे, 1911 पासून ही पद्धत चालत आलीय, तीन ते पाच वर्षं इंजेक्शनं किंवा जिभेखालचे थेंब घ्यावे लागतात, तुमच्या शिंकांना उपयोग होईल. त्याने कोळंबी परत खाता येईल अशी आशा मात्र ठेवू नका.

तोवर गादीला घट्ट विणीची बंद खोळ घाला, चादरी-अभ्रे आठवड्यातून एकदा कडक गरम पाण्यात धुवा, गादी-उशा कडक उन्हात टाका, ऊन आणि कोरडेपणा या किड्यांना सोसत नाही. झुरळांचा बंदोबस्त करा. दमा असेल तर तो आधी ताब्यात आणा, ताब्यात नसलेला दमा आणि अन्नाची ॲलर्जी ही जोडी फार वाईट.

आता ताटाचं. कोळंबी, जवळा, सुकट, सोडे, चिंबोऱ्या-कुर्ल्या, शेवंड हे सगळं बंद. तिसऱ्या, कालवं, माकूल हे वेगळ्या कुळातले आहेत पण त्यांच्यातही थोडंफार जुळतं, टेस्ट झाल्याशिवाय नको. सुरमई, पापलेट, बांगडा, बोंबील यांचा या ॲलर्जीशी संबंध नाही, माशांतलं ॲलर्जीचं प्रोटीन वेगळंच असतं, डॉक्टरने हो म्हटलं की मासे खुशाल खा, मालवणच्या माणसाला मासेच बंद करायचं काही कारण नाही. खानावळीत मात्र ज्या तेलात कोळंबी तळली त्याच तेलात बोंबील तळतात, तिथे विचारून घ्या. थाई करी, काही चायनीज सॉस यांत कोळंबीची पेस्ट असते. आणि पुढे कधी सीटी स्कॅनला आयोडिनचं औषध द्यायची वेळ आली आणि कुणी म्हटलं तुम्हाला कोळंबी चालत नाही म्हणजे हेही चालणार नाही, तर तसं काही नसतं, ॲलर्जी प्रोटीनची आहे, आयोडिनची नाही.

गणपतीला गावी जाणार असालच. आईंना आधीच फोन करून सांगा की विसर्जनानंतर घरात कोळंबीचं सार शिजणार असेल तर तुम्ही तेवढा वेळ स्वयंपाकघरात थांबणार नाही, उकळत्या भांड्याच्या वाफेतूनही ते प्रोटीन हवेत येतं आणि काही जणांना तेवढंही पुरतं. तुमचा मासा वेगळ्या कढईत, वेगळ्या तेलात, वेगळ्या पळीने. डबा बॅगेत ठेवा, आणि जवळच्या कुठल्या दवाखान्यात रात्रीही ॲड्रेनॅलिन मिळतं ते पोचल्या पोचल्या पहिल्याच दिवशी जाऊन विचारून ठेवा.